उरलेल्या गोष्टी

कावळा पिंडाजवळ आला, मान वाकडी करून त्याने पाहिलं आणि पुन्हा उडून पिंपळावर जाऊन बसला.

"आल्ता की रं!" नानासो म्हणाले. "कुनीतरी खोकलं."

कुणीही खोकलं नव्हतं. भार्गवीने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि सकाळपासून ती कावळ्यांकडेच बघत होती, कारण माणसांकडे बघायचं त्राण उरलं नव्हतं. पक्षी भुकेले होते. माणसांना बुजत नव्हते. शेजारच्या कुटुंबाचा पिंड त्यांनी ठेवल्या ठेवल्या टिपला होता. आसपास कुत्रं नव्हतं, वारा नव्हता. फक्त बाबांच्या पिंडाला ते शिवत नव्हते, आणि त्याचं कारण तिला सापडत नव्हतं.

संगम माहुलीच्या घाटावर ऊन चढलं होतं. आधी मिरजेच्या हॉस्पिटलातला महिना, आता हे दहा दिवस. आई खालच्या पायरीवर बसली होती. कावळा शिवल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही म्हणाली होती. मधुमेहाची गोळी मात्र तिने सकाळी सवयीने घेतली होती आणि पोटात काहीच नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला होता. तो उन्हाचा नव्हता, हे भार्गवीला कळत होतं.

"आई, दोन घोट सरबत घे. बाबा काही म्हणणार नाहीत."

"ते म्हणतील," आई म्हणाली.

गुरुजींनी मोबाइलमध्ये वेळ पाहिली. त्यांना पुढे आणखी एक दहावं होतं. "अनंतरावांची काहीतरी इच्छा राहिली आहे. बोला, काय असेल ते."

निमिष पुढे झाला, हात जोडले. "बाबा, आईला मी पुण्याला नेतो. तिला काही कमी पडू देणार नाही."

"तिला विचारलंस का?" भार्गवी पुटपुटली.

"आत्ता नको ना, ताई."

कावळे चोची घासत बसले होते.

मग नानासो सरसावले. ते बाबांचे चुलतभाऊ, गावाकडची शेती बघणारे. "आवं दादा, वरच्या रानाचा बांध तुमी म्हनाल तितं! मी भांडत न्हाई. आता तरी या." थोडं थांबून ते गुरुजींकडे वळले. "ह्यो मानूस जिता हुता तवा बी असाच. माज्या लग्नात पंगतीत पापड आला न्हाई म्हनून जेवला न्हाई. आन् कशानं रुसला ते सांगायचा बी न्हाई. आपुन वळखायचं!"

निमिषला हसू आलं. आईला आलं नाही.

"पुस्तक," निमिष एकदम म्हणाला.

सगळ्यांनाच ते पटलं. बाबा कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि जपानच्या जुन्या भुतांच्या गोष्टी इंग्रजीतून मराठीत आणू लागले. दोन भाग निघाले, लोकांनी उचलून धरले. सांगलीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. तिसरा भाग थोडा राहिला होता. दुपारची जेवणं झाली की बाबा खोलीचं दार लावून घ्यायचे. आत आई असायची, त्यांचं लिखाण सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायला. बाबांचं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नसे. हॉस्पिटलात शेवटी शेवटी श्वास पुरत नव्हता, तरी आईचं मनगट धरून ते म्हणायचे, "गोदा, पुस्तक." आई मान हलवायची.

त्या गोष्टींमधली मेलेली माणसंही अशीच एखाद्या राहिलेल्या कामासाठी घुटमळत राहायची. भार्गवीचा त्यावर विश्वास नव्हता. पण आईचे हात आता थरथरत होते, आणि चालेल असा कुठलाही उपाय तिला चालणार होता. पुढच्या महिन्यात बंगळूरला तिचं संशोधन सुरू व्हायचं होतं. ते पुढे ढकलता येईल, असं तिने मनाशी म्हटलं.

ती पिंडापाशी गेली. "बाबा, पुस्तक पूर्ण होईल."

एक कावळा खाली उतरला. केळीच्या पानाच्या अगदी कडेला. नानासोंनी श्वास रोखला.

"उरलेल्या गोष्टी मी करते," भार्गवी म्हणाली. "तुमची मूळ पानं नीट बघते, तुमची पद्धत शिकून घेते."

कावळा उडाला. या खेपेस पिंपळावर नाही, थेट नदीपलीकडे गेला.

"झालं," गुरुजी म्हणाले आणि दर्भाच्या काड्या वळायला लागले. "दर्भाचा कावळा करून शिववू. तशी सोय आहे."

"करा," निमिष म्हणाला.

"गावात काय सांगू मी?" नानासो कळवळले. "एवढा मोठा लेखक, आन् त्याला गवताचा कावळा?"

आई उठली. तिचा तोल गेला. भार्गवीने धावत जाऊन तिचा दंड धरला.

"थांबा जरा, गुरुजी," आई म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

ती चार पायऱ्या चढून आली, पानासमोर टेकली. पदर पुढे ओढला. ती रडत नव्हती. दिवसभराचं काम उरकल्यावर शेवटचं एक भांडं घासायला घ्यावं, तसा तिचा चेहरा होता. ओठ जेमतेम हलले. दंड धरून वाकलेल्या भार्गवीलाच काय ते ऐकू गेलं.

कावळा पलीकडून आला, सरळ पिंडावर उतरला आणि त्याने भाताचा घास उचलला. त्याच्यामागून बाकीचे आले.

"शिवला!" नानासो ओरडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "वैनी, काय कबूल केलंसा त्यास्नी?"

आईने सरबताचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि ती थांबून थांबून पीत होती. निमिषने भार्गवीकडे पाहिलं. "काय म्हणाली गं आई?"

भार्गवीने वाकून आईचा ग्लास खालून सावरला.

"या आता," आई म्हणाली होती. "कुणाला कळू देणार नाही मी. उरलेल्याही तुमच्याच नावानं लिहीन."