रविवारचे मासे

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात जहांआरा त्याचा गळ घेऊन नाथसागराच्या काठावर आली. थंडीतल्या दर रविवारी तो इथं दिवसभर काय करायचा, हे तिला एकदा बघायचं होतं.

शेजारी जाळं झटकणारा खंडेराव चाचरत म्हणाला, "भाभी, भाईंच्या गळाला कधी मासा लागलाच नाय. घरी न्यायचे, ते माझ्या जाळ्यातले."

"मालूम आहे. गळाच्या माशाचा जबडा फाटलेला असतो. पण मग ते करायचे तरी काय?"

"बसायचे. म्हणायचे, पुढच्या रविवारी तिला घेऊन येतो."

जहांआरानं हातातला गळ काठावर ठेवला.

"दर रविवारी मी तयार होऊन बसायची, खंडेरावभाऊ. त्यांनी कधी 'चल' म्हटलंच नाही."