कागद हातात येईपर्यंत

देओलिंदाबाईंच्या नळाला वर्षानुवर्षं चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. नवरा उरबानो म्हणायचा, "आपण पोर्तुगालहून आलेली माणसं. अमेरिकेच्या नागरिकत्वाचा कागद हातात येऊ दे, मग काय बोलायचं ते बोल." बाई गप्प राहिल्या. उरबानोच्या मते तो त्यांच्या संसाराचा सुवर्णकाळ होता.

अखेर आज कोर्टात शपथ झाली आणि कागद हातात पडला. छोटे झेंडे वाटायला आलेल्या मेयरसाहेबांनी अभिनंदनाचा हात पुढे केला. बाईंनी त्या हातात पाण्याची बाटली ठेवली.

"आमच्या नळाचं आहे. प्या."

"अहो बाई, आज आनंदाचा दिवस..."

"म्हणूनच पाजतेय! न्यायाधीशबाई, आजपासून मला बोलायचा हक्क आहे ना?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "आजपासून मत द्यायचा हक्क आहे. बोलायचा हक्क राज्यघटनेनं फक्त नागरिकांनाच दिलेला नाही, बाई. या देशात पाऊल टाकलंत, तेव्हापासून तो तुमचाच होता."

सगळे नवे नागरिक टाळ्या वाजवू लागले. बाईंनी मात्र सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

मेयरसाहेब दाराकडे सरकत होते. उरबानोनं लगबगीनं त्यांच्यापुढे खुर्ची ठेवली.

"बसा हो, साहेब. आता मागची सगळी थकबाकी निघणार आहे. तुम्ही जेवढं ऐकून घ्याल, तेवढं घरी माझ्या वाट्याला कमी येईल."