सवयीचा ठोका

बांधकामाच्या उंच परांचीवरून पडल्यापासून आमचे गवंडीबुवा घरातच. पाय बरा झाला, पण कामाचं नाव काढलं की अंगावर यायचे. दिवसभर नुसत्या येरझाऱ्या. वैतागून लेकीने खेळ मांडला: डुगडुगत्या फळीवर ठोकळे रचायचे, पाडेल तो हरला. "बाबा, तुमची पाळी." "मला नाही जमायचं." "ठेवा हो मुकाट्याने," मी खेकसले. त्यांनी एक डोळा मिटून अंदाज घेतला, ठोकळा अलगद टेकवला. फळी डुलली, थांबली. आम्ही श्वास सोडतो तोच त्यांनी, वीट बसवल्यावर थापीच्या मुठीने ठोकतात तसं, बोटाने ठोकलं. डोलारा कोसळला! "बाबा, ही काय भिंत आहे?" लेक खिदळली. ते मात्र हाताकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, माझी थापी कुठंय?" हेच ऐकायला कान आसुसले होते. पण डोळ्यांपुढे परांची उभी राहिली आणि येरझाऱ्या मी घालू लागले.