चौथा ट्रॅक

बाबांचा जुना कॅसेट रेकॉर्डर चालवायला शिकायला मी बसले, तर ते पहिल्यापासून खेकसतच होते. "हा त्याचा मिक्सर, चारही ट्रॅकचे आवाज वेगवेगळे कमीजास्त करायचा. तुझ्या आईला विचारू नकोस, तिला मिक्सर म्हणजे फक्त स्वयंपाकघरातला माहीत. पहिल्या ट्रॅकवर मी गातोय, तो सगळ्यात वर ठेवायचा. दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर ड्रम. चौथा बिघडलाय, त्याच्या वाटेला जायचं नाही."

चौथं बटण तळाशी ओढून वर चिकटपट्टी मारलेली होती. बाबा फोन घ्यायला बाहेर गेले आणि मी ती पट्टी उचकटली. बटण वर सरकवलं आणि टेप चालू केली.

आई गात होती. जिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, असं बाबा चारचौघांत सांगत आले, ती माझी आई! तिच्यापुढे बाबांचा आवाज पार फिका पडला होता. दुसऱ्या कडव्यात मधेच टेपमधले बाबा खेकसले, "बास झालं. आत जा, दूध उतू जाईल." गाणं तिथेच तुटलं.

"बंद कर ते!" बाबा दारातून ओरडले.

तेवढ्यात आई आतून आली, माझ्या शेजारी बसली आणि माइक पुढे ओढला. "पूर्ण म्हणायचंय. पहिल्या ट्रॅकवर घे."

"आई, तिथे बाबा आहेत. रेकॉर्ड दाबलं की ते पुसले जातील."

"ठाऊक आहे. दाब." मग बाबांकडे न बघताच म्हणाली, "आणि तुम्ही आत जा. दूध ठेवलंय, उतू जाईल."