एकोणिसावी फेरी

रोंडा टीग दुसऱ्याच्या चादरीवर बसली होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

त्या मैदानावर असं कोणी करत नाही. मोटारींच्या शर्यतीच्या शनिवारी सकाळी सातला फाटक उघडतं. लोक येतात, लाकडी पायऱ्यांवर आपली चादर अंथरतात, चार कोपरे चिकटपट्टीनं डकवतात आणि घरी जाऊन निवांत जेवून दुपारी परततात. राखण लागत नाही. रोंडानंही तीस वर्षं हेच केलं होतं. पण आज ती चादर न घेताच आली होती, कारण वाटेतूनच माघारी फिरायचं असं तिनं घरून निघताना दोनदा ठरवलं होतं आणि गाडी लावताना एकदा.

बाकी पायऱ्या गच्च भरलेल्या. तिसऱ्या वळणासमोर ही एकच हिरवी चौकड्यांची चादर मोकळी होती. गाड्या रांगेत लागल्या तरी चादरवालं कोणी आलं नाही, तेव्हा रोंडा कडेला टेकली. पर्स मांडीवरच ठेवली, कधीही उठता यावं म्हणून.

पाद्रीबुवांनी भोंग्यावरून प्रार्थना सुरू केली. टोप्या उतरल्या. चालकांची नावं घेता घेता त्यांचा आवाज नेहमीसारखा गाण्यात शिरला, आणि तेलकट हातांच्या आडदांड गड्यांनीही शेवटच्या 'आमेन'ला सूर लावला. तेवढा वेळ रोंडाचा जीव थाऱ्यावर होता. मग इंजिनं सुरू झाली आणि पायाखालची फळी थरथरू लागली.

आठ नंबरची गाडी अकरावी होती. जेरेडची, तिच्या मुलाची.

मागच्या पायरीवर दोघं जण तिच्याच मुलाचा समाचार घेत होते. आठ नंबर हल्ली चर्चला निघालेल्या म्हातारीसारखा चालवतो, कोणाच्या शेपटाला म्हणून लागत नाही, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, एकदा लागला होता ना, तेवढं बस झालं. रोंडानं मान वळवली नाही. ती फलकावरचे फेऱ्यांचे आकडे बघत होती. सात. आठ. नऊ. वीस सेकंदांना एक फेरी. उठून जायचं तर आत्ताच.

"जरा सरक गं."

उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी हातात, कानांवरचे हेडफोन गळ्यात ओढलेले, आणि समोर ग्लेनिस प्रुइट. हार्लनची आई.

गेल्या ऑगस्टमध्ये याच वळणावर जेरेडच्या गाडीचं नाक हार्लनच्या गाडीला मागून लागलं होतं. हार्लन त्या गाडीतून जिवंत बाहेर आला नाही. जेरेडनं मुद्दाम केलं असं गावात कोणीही म्हटलं नाही, ग्लेनिसनं तर नाहीच. पण अंत्यविधीला रोंडा चर्चच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथूनच परतली. त्यानंतर ती ना ग्लेनिससमोर आली, ना या मैदानात.

ती धडपडत उठली. चादर कोणाची ते माहीत नव्हतं, असं काहीतरी पुटपुटली.

"सरक म्हटलं, ऊठ नाही म्हटलं," ग्लेनिस म्हणाली आणि टेकली. पिशवी तिनं दोघींच्या मधे ठेवली. हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि कमरेचा छोटा रेडिओ चाचपला. चालक आणि छतावरून त्याला पुढची वाट सांगणारा टेहळ्या यांचं बोलणं त्यावर ऐकू येतं. आपापल्या आवडीचा चालक धरून लोक दिवसभर ऐकत बसतात.

सतरा. अठरा.

एकोणिसाव्या फेरीला अख्खं मैदान उभं राहिलं. भोंगा बंद. हार्लनचा नंबर एकोणीस, म्हणून या फेरीला कोणी ओरडत नाही. प्रत्येकाचा एक हात वर असतो आणि नुसती इंजिनं बोलतात. ग्लेनिसचा हात वर गेला. रोंडा उभी होती, पण तिचा हात पर्सच्या बंदावरून सुटेना. ग्लेनिसनं ते पाहिलं आणि नजर पुन्हा गाड्यांकडे वळवली.

विसावी फेरी. लोक खाली बसतच होते, तेवढ्यात तिसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासून गरगरल्या. पांढरा धूर उठला. सगळे पुन्हा उभे. पुढच्या माणसांच्या पाठींमधून रोंडाला काही दिसेना. धुरातून सात नंबर बाहेर आला, बारा आला. आठ येईना. ती पायरीवर चढली, उतरली, कोणाचा तरी खांदा धरला.

ग्लेनिसनं तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि स्वतःचे हेडफोन काढून तिच्या कानांवर घातले.

आधी नुसती खरखर. मग जेरेडचा आवाज, धापा टाकत: "तो बाहेर आला का? काका, चार नंबरवाला बाहेर आला का?" टेहळ्या म्हणाला, अरे तू कसा आहेस ते सांग. "तो बाहेर आला का ते आधी सांग."

"आला," टेहळ्या म्हणाला. "उभा आहे. तुला शिव्या घालतोय."

मग जेरेडचा नुसता श्वास ऐकू येत होता.

रोंडानं हेडफोन काढले आणि रेडिओच्या छोट्या काचेकडे पाहिलं. तिथे आठचा आकडा होता.

"दर शनिवारी, कुठेही धडक झाली की हेच विचारतो," ग्लेनिस म्हणाली. तिनं एक शेंग सोलली, दाणे रोंडाच्या तळहातावर ठेवले. "वर्षभर तुझ्या वाटणीचं मीच ऐकलं गं. आता घाल ते कानांवर."