जंजिरा

टेबलावरच्या पेटीचा हिरवा दिवा मधूच्या नजरेस पडला आणि तो जागच्या जागी थबकला.

आखातातल्या हमरिया बंदराच्या फ्री झोनमधल्या त्या कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये शुभ्रा नेटवर्कच्या चौथ्या नव्या स्विचची, म्हणजे त्या पेटीची, जुळवणी करीत बसली होती. तीन नव्या पेट्या रॅकमध्ये चढल्या होत्या, पाठीमागून जाड केबलने एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या आणि सुरळीत चालत होत्या. अशा पेट्या जोडल्या की सगळ्यांची मिळून एकच पेटी होते. त्यांतली एक प्रमुख ठरते. बाकीच्या तिचेच नाव लावतात, तिच्याच सूचना पाळतात. हिरवा दिवा प्रमुखाचा. एकटी पेटी मात्र स्वतःलाच प्रमुख समजते, म्हणून टेबलावरच्या पेटीचाही दिवा लागलेला होता.

मधूच्या जुन्या पेट्या फरशीवर उतरवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर त्याच्या अक्षरातली पट्टी होती: जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग. बंदरातल्या कारखान्याला जलदुर्गच हवेत, असे तो हसून सांगत असे. जंजिरा सर्वांत जुनी. ती कधी म्हणजे कधी पडली नव्हती.

आजचे काम निर्वेध पार पडले की आजवर मधूने सांभाळलेले सारे नेटवर्क शनिवारपासून शुभ्राकडे, असे मॅनेजर जमालसाहेबांनी जाहीर केले होते. "लड़की पुणे से नई ट्रेनिंग लेके आई है, मधू भाई. आप बस साथ खड़े रहना." मधू सकाळपासून उभा होता. त्याच्या बायकोने, अनुराधानेही घरून निघताना बजावले होते, "डब्याचा वरचा पुडा शुभ्राचा हं, बिचारी एकटी राहते." वरच्या पुड्यात गुळाच्या पोळ्या होत्या. खालच्यात उपमा.

शुभ्राने नव्या पेटीला सर्वांत वरचा मान, म्हणजे जोडल्यावर प्रमुखपद, दिल्याचे त्याने मघाशी पडद्यावर पाहिले होते. आता तिने ती पेटी चालू ठेवूनच केबल हातात घेतली होती. पेटी आधी बंद करायची आणि मगच केबल लावायची, हे मधूला ठाऊक होते. तशीच लावली तर चालत्या तिन्ही पेट्या या नवीपुढे हार मानून बंद पडतील, आणि पुन्हा उठतील तेव्हा फाटक कुठले, वजनकाटा कुठला, यांतले काहीच त्यांना आठवणार नाही.

"दादा, नमाज सुटली की फाटक उघडेल, त्याच्या आत हे व्हायला हवं," शुभ्रा म्हणाली. "लावू ना?"

"मला काय विचारतेस? ट्रेनिंग तुझं झालंय."

ती हसली. "ट्रेनिंगमध्ये दारात ट्रेलर नव्हते हो उभे! तुमच्या तोंडून 'हो' ऐकलं की मला धीर येतो. सांगा ना."

'थांब' एवढा एकच शब्द पुरेसा होता. तो जिभेवर आलाही होता. मधूने तिच्या खुर्चीकडे पाहिले. इतकी वर्षे त्याची पाठ टेकून टेकून त्या खुर्चीचे रेक्झिन जिथे फाटले होते, तिथे आता तिची ओढणी अडकवलेली होती.

"लाव," तो म्हणाला.

केबल खटकन बसली. क्षणभर काहीच झाले नाही. मग रॅकमधले दिवे एका ओळीने विझले, पंखे थांबले आणि खोलीत पूर्वी कधी नव्हती अशी शांतता पसरली. थोड्या वेळाने पंखे पुन्हा घोंगावू लागले, दिवेही एकेक करून परत आले. पण फाटकाचा फोन वाजू लागला तो थांबेना.

डोक्यावर नमाजाची टोपी तशीच असलेले जमालसाहेब दार ढकलून आत आले. "क्या हुआ? फाटक बंद, काँटा बंद! बाहर सब हॉर्न पे हॉर्न मार रहे हैं!"

मधूने घसा साफ केला. त्याच्याआधी शुभ्राच बोलली.

"सर, गलती मेरी है. मैंने चालू पेटी जोड़ दी. मधूदादा तो बस खड़े थे."

"खलास!" जमालसाहेब म्हणाले. "तू उठ वहाँ से. शनिवार की बात अभी भूल जा. मधू भाई, यल्ला, चलो, आप बैठो. आप ही सँभालो."

शुभ्रा उठली. ओढणी तिने ओढून घेतली तेव्हा रेक्झिनचा एक तुकडा तिच्याबरोबर निघून आला. जमालसाहेब फाटकाकडे धावले. मधू बसला. खुर्ची अजून उबदार होती.

त्याने एंटर दाबले. चारही पेट्यांच्या वतीने पडद्यावर एकच नाव उमटले. इंग्रजी अक्षरांत, ठळक: जंजिरा.

मधूचे बोट एंटरवरच राहिले.

"हे नाव?"

शुभ्रा भिंतीला टेकून उभी होती. डोळे पुसल्यामुळे तिच्या गालावर काजळ ओघळले होते.

"जोडल्यावर नाव एकीचंच उरतं ना, दादा," ती म्हणाली. "तुमची सगळीच नावं गेली असती. निदान पहिलं तरी राहावं, म्हणून या पेटीला तेच नाव देऊन मोठं केलं. सूचना आपापल्या राहतील असं वाटलं मला. तुमच्याही लक्षात नाही ना आलं?"

बाहेर ट्रेलरांचे हॉर्न वाजत होते. टेबलाच्या कडेला डब्याचा वरचा पुडा अजून न उघडलेला होता. पडद्यावर जंजिराच्या पुढे कर्सर लुकलुकत होता, त्याच्या आज्ञेची वाट पाहत.