शेजारचं आसन

"आता असा माणूस मनासमोर आणा, जो तुम्हाला नकोसा वाटतो," आचार्य संथ आवाजात म्हणाले. "आणि मनापासून म्हणा, त्याचंही मंगल होवो."

शामलाला तो माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तो हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता.

म्हाळसाबाई. तेर गावाकडची शेळ्या राखणारी म्हातारी. मौन सुरू होण्याआधी तिच्याबद्दल एवढंच कानावर पडलं होतं. आणि तिचा तो वास! आंबूस, कुजकट, लोण्याच्या गाडग्यात उंदीर मरून पडावा तसा. वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली तो वास हलायचंही नाव घेत नव्हता. शामलानं पदर नाकाला लावला. वास कमी व्हायचा तर वाढलाच. म्हातारी आणखी जवळ सरकली असणार. ओठांवर 'मंगल होवो' होतं आणि घशाशी सकाळची पेज.

आधी तिथं देवश्री नावाची शिक्षिका बसायची. स्वच्छ, नीटनेटकी. एका सकाळी पाहिलं, तर तिच्या आसनावर ही म्हातारी. वासाची सुरुवात त्याच सुमाराची. शेळ्यांत जन्म गेलेल्या बाईला काय येणार दुसरं, शामला मनात म्हणाली, आणि असं म्हटल्याबद्दल देवीची क्षमा मागून पुन्हा तेच म्हणाली.

तशी ती नेमाधर्माची बाई. तुळजापूरचं घर, लग्नापासूनचा नेम: अंबाबाईच्या तीर्थाशिवाय अन्नाला शिवायचं नाही. ध्यानाच्या या शिबिरात पूजेच्या वस्तू दारातच ठेवून घेतात. म्हणून तिनं निघतानाच कापसाचा बोळा पंचामृतात बुडवला, केळाच्या फोडीसकट पानात गुंडाळला, वर चिंधी बांधली. पदराच्या टोकाला त्याची गाठ. साडी बदलली की गाठ नव्या पदरात. जेवणाआधी ती गाठ डोळ्यांना लावायची, श्वास रोखून. देवाचं हुंगायचं नसतं, हे लहानपणीच अंगी मुरलेलं.

शिबिराला ती हौसेनं आली नव्हती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं भांडं उचलताना शामलाला उमळून यायचं. ती काही बोलत नसे. फक्त पदर नाकाला लावायची. एकदा सासूबाईंनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं कमी केलं, भांडं कमी लागावं म्हणून. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला सोलापूरच्या त्या आश्रमात ठेव रे. तिथं पगारी माणसं असतात." शामला परतली की ठरायचं होतं. कुणीतरी म्हणालं, या शिबिरात करुणा शिकवतात. शिकता आली तर शिकावी, म्हणून ती आली.

आणि इथं हे असं. करुणा राहिली बाजूला, किळस तेवढी वाढत चालली होती.

दुपारी तिनं शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या निवेदिताला बाजूला गाठलं. तिच्याशी हळू बोलायची मुभा होती.

"ताई, माझी जागा बदलून द्या ना. त्या आजींशेजारी बसवत नाही मला."

निवेदिता जराशी चपापली. खाली बघत म्हणाली, "तेवढं नका सांगू, शामलाताई. ती जागा मोठ्या मुश्किलीनं जमलीय."

शेवटच्या सकाळी मौन सुटलं. लिंबाखाली बायकांचा नुसता कलकलाट. शामला पिशवी घेऊन फाटकाकडे निघाली, तोच मागून हाक आली.

"अवो बाई, थांबा की! कवाधरनं बोलायचंय तुमच्यासंगं." म्हाळसाबाई धापा टाकत आली. आली ती अगदी जवळ येऊन उभी राहिली. "लपवू नगा. जखम लई चिघळलीया तुमची. चला, धाराशिवला मोठ्या दवाखान्यात जाऊ. म्या येते संगं."

"जखम? मला कसली जखम?"

"आता काय म्हनावं! आवो, वास येतोय की. निवेदिताताईपाशी समद्या बाया म्हनल्या, अंगावरचं दुखणं आसंल बिचारीला. ती मास्तरीण उठली, दुसरी बसंना. मंग म्याच म्हनलं निवेदिताताईला, मला बसवा तिच्यापाशी."

शामलाचा हात पदराकडे गेला. तिनं पदराचं टोक पुढं घेतलं. गाठ काळपट, चिकट झाली होती. सोडली. पान लिबलिबीत होऊन बोटांना चिकटलं. आत हिरवट बुरशीचा गोळा, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. हेच ती रोज डोळ्यांना लावत होती. हाच पदर नाकाला. ती लिंबाच्या बुंध्याशी वाकली आणि भडभडून ओकली.

बायका दोन पावलं मागं सरल्या. म्हाळसाबाईनं तेवढं तिचं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला. "देवीचं तीर्थ..." शामला पुटपुटली. म्हातारी गोळ्याकडं बघून खुदकन हसली. "देवीचं व्हय? बरं झालं बया, जखम न्हाय. म्या उगाच घोर लावून घेतला."

शामलानं तोंड धुतलं.

"आजी, एवढा घाण वास. तुम्ही एकदाही नाकाला पदर लावला नाही?"

"लावला आस्ता की," म्हातारी म्हणाली. "पर तुमाला दिसला आस्ता."